ओर्चाता घरी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं टेक्सासमध्ये ह्यूस्टनला राहत होतो. शेजारच्या घरात मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातल्या एक आजी राहायच्या. माझी मुलंही त्यांना आजीच म्हणत. ओर्चाता मी त्यांच्या ओट्यापाशी उभी राहून शिकले. पुण्याला परत आल्यापासून दर उन्हाळ्यात करते, आणि ज्यांना पाजते ते सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवलेली बरी.

ओर्चाता म्हणजे नेमकं काय?

तांदूळ आणि दालचिनी पाण्यात भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची, साखर घालायची आणि गार करून प्यायची. पांढरंशुभ्र, दुधासारखं दिसणारं पेय होतं, पण मूळ रूपात त्यात दुधाचा थेंबही नसतो. मेक्सिकोत अशा घरगुती गार पेयांना ‘आग्वा फ्रेस्का’ म्हणतात, म्हणजे ताजं, गार पाणी. बाजारात, खाणावळीत, रस्त्याकडेच्या गाड्यांवर काचेच्या मोठ्या पोटाच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असतात. त्यांना ‘बित्रोलेरो’ म्हणतात. त्यांत तीन पेयं हमखास असतात: पांढरं ओर्चाता, चिंचेचं तपकिरी पाणी आणि ‘हामाइका’ नावाचं गडद लाल सरबत. हामाइका म्हणजे आपली लाल अंबाडी. तिच्या बोंडांच्या वाळवलेल्या पाकळ्या उकळून ते करतात. अंबाडीची भाजी-भाकरी खाऊन वाढलेल्या मला ते कळलं तेव्हा त्या बरण्यांसमोर एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं होतं.

‘होर्चाटा’ म्हणायचं की ‘ओर्चाता’?

ओर्चाता. स्पॅनिशमध्ये सुरुवातीचा ‘ह’ लिहितात, पण उच्चारत नाहीत. आणि ‘च’ चहातला, चमच्यातला नव्हे.

हे मूळचं मेक्सिकोचं आहे का?

तांदळाचं ओर्चाता मेक्सिकोचं, नाव मात्र स्पेनमधून आलेलं. त्या नावाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘होर्देउम’ म्हणजे जव, ज्याला आपण सातू म्हणतो, आणि त्याचं पाणी ते ‘होर्देआता’. उन्हाळे लागले की आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी जवाचं पाणी प्यायला लावलं नसेल असं घर कमीच. म्हणजे या पेयाचं सगळ्यात जुनं रूप आपल्याला ओळखीचंच आहे.

स्पेनमध्ये पुढे हे नाव जवाला सोडून ‘चुफा’ला चिकटलं. चुफा ही एका लव्हाळ्याच्या मुळाशी येणारी लहान गोड गाठ. आयुर्वेदातला नागरमोथा तिचा सख्खा भाऊबंद. शेतकरी ज्या लव्हाळ्याला कंटाळतात त्याच कुळातलं हे पीक बालेन्सिया शहराच्या आसपास, विशेषतः अल्बोराया गावात, मुद्दाम लावतात आणि त्याच्या गाठींचं ओर्चाता ‘फार्तोन’ नावाच्या लांबट गोड पावाबरोबर घेतात. स्पॅनिश लोक मेक्सिकोत गेले. तिथे चुफा रुजली नाही, पण त्यांनी सोळाव्या शतकात नेलेला तांदूळ रुजला. दालचिनी आशियातून गेली. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं मनिला ते अकापुल्को गलबतांची ये-जा होती, आणि त्या मालात मसाले असत. तांदूळ आणि दालचिनी, दोन्ही आपल्या बाजूच्या जगातले. म्हणूनच पहिल्या घोटाला हे परकं वाटत नाही.

ओर्चाता नावाची आणखीही भावंडं आहेत. एल साल्वादोरमध्ये ‘मोर्रो’ नावाच्या फळाच्या बिया वाटतात, प्वेर्तो रिकोत तीळ. एक्वादोरच्या लोहा भागातलं ओर्चाता तर फुलापानांचा गुलाबी काढा असतो, त्यात तांदूळ नाही. नाव सारखं म्हणून कृती शोधताना फसू नका.

तांदूळ शिजवायचा नाही? कच्चा तांदूळ पोटाला बाधत नाही का?

हा प्रश्न माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा विचारला आणि तो रास्त आहे. कच्चे तांदूळ खाऊ नयेत असंच आपण ऐकत आलो. पण इथे तांदूळ तासन्‌तास भिजतो, अगदी बारीक वाटला जातो आणि त्याचा चोथा गाळून बाजूला पडतो. पेल्यात येतं ते पाणी आणि त्यात तरंगणारे पिठाचे सूक्ष्म कण. कच्च्या तांदळाचं पाणी आपल्याकडेही नवं नाही. तांदळाचं धुवण, म्हणजे तंडुलोदक, आयुर्वेदात औषधाचं अनुपान म्हणून देतात.

शिजवलंत तर मात्र ओर्चाता होणार नाही, पेज होईल. तांदळातलं पिठूळ द्रव्य साठ अंशांच्या पुढे तापलं की पाणी पिऊन फुगतं आणि सगळं दाट, चिकट होतं. पेज उत्तमच, आजारपणात तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण ओर्चाताची मजा त्याच्या पातळ, किंचित मखमली आणि गार असण्यात आहे. सुरुवातीला एकदा मी ‘जंतू मरतील’ म्हणून वाटलेलं मिश्रण उकळलं. दोन मिनिटांत पातेल्यात खळ झाली, आणि गार झाल्यावर ती वडीसारखी कापता आली असती.

बाधण्याचा खरा धोका वेगळ्याच जागी आहे: अस्वच्छ पाणी आणि उष्णता. इथे काहीच उकळत नाही, म्हणून भिजवायला, वाटायला आणि पातळ करायला पिण्याचंच पाणी घ्या. बर्फही त्याच पाण्याचा. आणि भिजवण फ्रीजमध्ये ठेवा.

नेमकं प्रमाण आणि कृती सांगा.

वाट्या प्रत्येक घरी वेगळ्या, म्हणून वजनात सांगते. सहा पेल्यांसाठी:

तांदूळ २०० ग्रॅम. बदाम १२ ते १५. सिलोन, म्हणजे श्रीलंकेच्या, दालचिनीचा बोटाएवढा एक तुकडा. साखर १०० ग्रॅम. पिण्याचं पाणी एकूण सव्वा लिटर. मीठ एक चिमूट. आवडत असेल तर व्हॅनिलाचे चार थेंब.

तांदूळ तीन-चार पाण्यांनी स्वच्छ धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. यात आळस नको. वरची धूळ आणि सुटं पीठ राहिलं की पेयाला कोंदट वास येतो. धुतलेला तांदूळ, दालचिनी आणि गरम पाण्यात टाकून सोललेले बदाम पाऊण लिटर पाण्यात घाला, झाकण लावा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. आठ तास तरी हवेत. भिजल्यावर तांदळाचा दाणा बोटांच्या चिमटीत दाबला की त्याचा चुरा व्हायला हवा. नखाने तोडावा लागला तर अजून दोन तास थांबा.

सकाळी भिजवलेल्या पाण्यासकट सगळं मिक्सरमध्ये वाटा. हे पाणी फेकू नका, दालचिनीचा सगळा जीव त्यात उतरलेला असतो. एकदम वाटू नका, दोन-तीन घाण्यांत वाटा. एकेक घाणा मिनिट-दीड मिनिट, मध्ये थांबून थांबून. भांडं तापलं की पीठही तापतं आणि पेय बुळबुळीत होतं.

आता गाळणं. चहाच्या गाळणीने भागत नाही. जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला मलमलचा तुकडा किंवा स्वच्छ पंचा ओला करून पिळून घ्या, पातेल्यावर पसरा, त्यात थोडं थोडं ओता. मेक्सिकोत यासाठी जे विरविरीत सुती कापड वापरतात त्याला ‘मान्ता दे सिएलो’ म्हणतात, म्हणजे आभाळाचं कापड. नाव मला फार आवडतं. पुरचुंडी करून पिळा, पण शेवटचा थेंब काढायच्या हट्टाने पिळू नका. जोर लावला की बारीक रवा कापडातून बाहेर येतो. मग एक थेंब अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळून बघा. रांगोळीसारखं खरखरलं तर पुन्हा गाळायचं. साईसारखं घसरलं की झालं.

उरलेलं अर्धा लिटर गार पाणी, साखर, मीठ घाला, साखर विरघळेपर्यंत ढवळा आणि दोन तास फ्रीजमध्ये विसरून जा. हा विसावा महत्त्वाचा. ताजं वाटलेलं चाखलंत तर कच्च्या पिठाचा वास येतो, दोन तासांनी तो जातो आणि दालचिनी पुढे येते. देताना तळापासून ढवळा, बर्फावर ओता, वर दालचिनीची पूड भुरभुरवा.

कुठला तांदूळ घ्यावा?

मी कोलम वापरते. त्याला स्वतःचा फार वास नाही आणि पेय हलकं होतं. बासमतीचा सुगंध दालचिनीशी भांडतो, शिवाय वाटून टाकायला एवढा महाग तांदूळ कशाला? आंबेमोहराचं ओर्चाता मात्र एकदा नक्की करून बघा. थोडं दाट होतं, म्हणून पाणी शंभर मिली वाढवा. पण पेला तोंडाशी नेताना जो वास येतो तो मेक्सिकोतही मिळणार नाही. इंद्रायणी चिकट, तिच्या वाटेला जाऊ नका. उकडा तांदूळ तर नकोच. तो भाताच्या सालीतच वाफवलेला असतो, त्यामुळे त्याचं पीठ आधीच शिजलेलं असतं, आणि त्याचा तो खास वास पेजेत हवाहवासा वाटला तरी इथे सगळ्यावर मात करतो. कोकणात नि गोव्यात राहणाऱ्या मैत्रिणींना हे आवर्जून सांगते.

नव्यापेक्षा जुना तांदूळ बरा. मोदकाची पिठी वापरून झटपट करता येईल का, असं खूप जणी विचारतात. होतं, पण तळाशी चिखलासारखा थर बसतो आणि चव पिठूळ लागते. आठ तासांचं भिजवणं टाळायला काही उपाय मला सापडलेला नाही.

दालचिनी कुठलीही चालेल ना?

नाही. सगळं ओर्चाता दालचिनीवर उभं आहे, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

किराणा दुकानात आपण दालचिनी म्हणून जे घेतो ते बहुतेक वेळा कॅसिया असतं. जाड, कडक, एकेरी साल, चवीला तिखट. गरम मसाल्याला, पुलावाला ती झकास. मेक्सिकोत जिला ‘कानेला’ म्हणतात ती श्रीलंकेची खरी दालचिनी, आणि तिचा मेक्सिको फार मोठा गिऱ्हाईक आहे. ती ओळखायची कशी? तुकडा आडवा धरून टोकाकडून बघा. कॅसियाची साल दोन्ही कडांनी वळून दोन सुरळ्या झालेली दिसते आणि मध्ये पोकळी. खऱ्या दालचिनीत कागदासारख्या पातळ सालींचे अनेक पदर एकात एक गुंडाळलेले दिसतात. बोटांनी दाबली की चुरचुरत मोडते. वास गोड, लिंबाच्या सालीची आठवण देणारा.

ती अशी ठिसूळ असते म्हणूनच तांदळाबरोबर वाटता येते. कॅसिया मिक्सरच्या पात्यांना लागते, कडवट लागते, आणि तिच्यात कूमारिन नावाचं द्रव्य बरंच जास्त असतं. भाजीतल्या एका तुकड्याने काही होत नाही, पण महिनोन्‌महिने भरपूर पोटात जाणं यकृताला चांगलं नाही. घरात कॅसियाच असेल तर भिजवताना घाला आणि वाटण्याआधी काढून टाका.

खरी दालचिनी आणायला श्रीलंकेपर्यंत जायची गरज नाही. कोकणात नारळी-पोफळीच्या बागांमध्ये मसाल्याची झाडं लावतात त्यांत ती असते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ नावाची दालचिनीची जात दिलेली आहे. कोकणातून कुणी येणार असेल तर काजू-कोकमाबरोबर थोडी सालही मागवा.

वेलची, जायफळ, केशर घातलं तर?

घाला की. चांगलंच लागेल. पण ते तुमचं वेगळं सरबत होईल. वेलचीचा स्वभाव असा की ती आली की बाकीच्यांना बोलू देत नाही. पहिल्या खेपेला नुसत्या दालचिनीचं प्या, चव जिभेवर बसू द्या, मग काय हवं ते करा.

माझं ओर्चाता थोड्या वेळाने फाटतं. वर पाणी, खाली पांढरं. काय चुकलं?

काहीच चुकलं नाही. पीठ पाण्यात विरघळत नाही, नुसतं तरंगतं, आणि तरंगणारं कधीतरी खाली बसणारच. बाजारातल्या बरण्यांतही लांब दांड्याचा डाव असतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला देताना बाई तळापासून ढवळते. तुमचं अजिबात खाली बसत नसेल तर उलट शंका घ्या, बहुधा ते तापून शिजलं आहे.

दूध घालावं का? आणि ते कंडेन्स्ड मिल्क?

मेक्सिकोत दोन्ही चालतं. कित्येक घरांत आणि टाकेरियांत, म्हणजे टाकोच्या खाणावळींत, अर्धं पाणी, अर्धं दूध घेतात किंवा साखरेऐवजी कंडेन्स्ड मिल्क ओततात. आजींच्या घरी पाहुणे आले की दुधाचं, रोजचं पाण्याचं. मला पाण्याचंच आवडतं, कारण मे महिन्यात दुपारी दोन वाजता दाट गोड दूध नको वाटतं. दूध घालायचं तर उकळून पूर्ण गार केलेलं घाला, साखर निम्मी करा आणि त्याच दिवशी संपवा. कंडेन्स्ड मिल्कने हात लवकर चुकतो. वरच्या प्रमाणाला पाव वाटीपेक्षा जास्त घातलं तर दालचिनी मरते.

दूध न चालणाऱ्यांना मूळचं पाण्याचं ओर्चाता हे फार मोठं सुख आहे. माझ्या भावजयीला दूध पचत नाही. कोजागिरीला सगळे मसाला दूध पितात तेव्हा तिच्यासाठी मी हेच करते.

गूळ चालेल का?

चालतो. मेक्सिकोत उसाचा ‘पिलोन्सियो’ मिळतो, शंकूच्या आकाराच्या ढेपी, आपल्या गुळाचाच प्रकार. रंग मळकट होतो, चव खमंग येते. गूळ आधी थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून, गार करून घाला. चिक्कीचा गूळ नको. दुधाबरोबर गूळ घालायचा मोह टाळा, दूध फाटू शकतं.

बदाम नको असतील तर?

वगळा. नुसत्या तांदळाचं ओर्चाताही पूर्ण असतं, फक्त थोडं कमी स्निग्ध. त्याऐवजी मगज घालता येतो, आणि ही काही तडजोड नव्हे. खरबुजाच्या बिया वाटून केलेलं ओर्चाता मेक्सिकोत वेगळं असतंच. खरबूज कापलं की आतला बियांचा गर फेकून न देता तसाच पाण्यासकट मिक्सरला लावतात आणि गाळतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा थंडाई आठवली. किनाऱ्याकडच्या गेरेरो भागात खोबरं घालतात. ओल्या नारळाचा वाटीभर चव तांदळाबरोबर वाटून बघा, कोकणातल्या माणसाला ते फार आवडेल.

मिक्सर येण्याआधी कसं करत?

पाट्यावर. मेक्सिकोचा ‘मेताते’ आणि आपला पाटा शेजारी ठेवले तर बहिणी वाटतील. मेताते तीन पायांवर उभा, किंचित उतरता, आणि त्यावर दोन हातांनी फिरवायचा दगडी वरवंटा. आजींच्या स्वयंपाकघरात तो कोपऱ्यात होता. त्यावर वाटलेलं ओर्चाता मी एकदाच प्यायले आणि त्याला दगडाचा एक गार वास होता. घरी पाटा असेल आणि खांद्यात ताकद असेल तर एवढ्या तांदळाला पाऊण तास धरा.

किती दिवस टिकतं?

फ्रीजमध्ये दोन दिवस. तिसऱ्या दिवशी आंबूस वास येऊ लागतो. बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये एक तासच धरा.

तांदळावर ‘बॅसिलस सेरेअस’ नावाचे जीवाणू सुप्तावस्थेत असतात आणि कोमट, ओल्या वातावरणात भराभर वाढतात. म्हणून मी भिजवण फ्रीजमध्ये ठेवा असं वारंवार सांगते. पुण्यातल्या पहिल्या उन्हाळ्यात मी पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवलं, कारण इडलीचे तांदूळ आपण तसेच ठेवतो. सकाळी झाकण काढलं तर वर बारीक फेस होता आणि वास थेट इडलीच्या पिठाचा. इडली नंतर वाफवली जाते, हे पेय कच्चंच पोटात जातं. मी ते सगळं ओतून दिलं. फेस किंवा आंबट वास आला तर तुम्हीही तेच करा, साखर वाढवून झाकू नका.

बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलेलं मात्र पंधरा दिवस चांगलं राहतं. गार कॉफीत हे दोन-तीन खडे टाकून बघा.

उपवासाला चालेल का?

तांदूळ आपल्याकडे उपवासाला चालत नाही, त्यामुळे हे नाही. वरईचं करता येतं, पण एक अट आहे: वरई कच्ची भिजवून वापरू नका. जुन्या, दमट भगरीने विषबाधा झाल्याच्या बातम्या महाशिवरात्र, नवरात्र आले की येतातच. ताजी, पाकीटबंद भगर घ्या, धुऊन भरपूर पाण्यात मऊ शिजवा, पूर्ण गार करा, मग मगजबी आणि पाण्याबरोबर वाटून गाळा. दाट होतं, पाणी सढळ हाताने घाला. दालचिनी उपवासाला चालते की नाही हे ज्या त्या घरच्या रीतीवर. आमच्याकडे चालत नाही, मग तिथे वेलची येते.

लहान मुलांना आणि मधुमेह असलेल्यांना द्यावं का?

मोठ्या मुलांना हौसेने एखादा पेला द्यायला हरकत नाही. पण दुधाच्या जागी रोज देऊ नका. तांदळात जमिनीतून अर्सेनिक थोडंफार येतं आणि लहान शरीराला ते जास्त जाचतं. ब्रिटनची सरकारी आरोग्ययंत्रणा पाच वर्षांखालच्या मुलांना दुधाऐवजी तांदळाचं पेय देऊ नका असं स्पष्ट सांगते. शिवाय यात प्रथिनं आणि कॅल्शियम फारसं नाही. दुधासारखं दिसतं म्हणून दूध समजू नये.

मधुमेह असेल तर सरळ सांगते: टाळा. साखर वगळली तरी बारीक वाटलेल्या तांदळाचं पीठ रक्तातली साखर लवकर चढवतं. माझ्या वडिलांना मी चहाच्या कपात चार घोट देते, जेवणातला भात त्या दिवशी बंद. गरोदर बाई, फार म्हातारं किंवा आजारी माणूस यांना कच्च्या तांदळाचं न देता पुढे सांगितलेलं गरम रूप द्यावं.

हिवाळ्यात गरम करून पिता येईल का?

गरम केलंत की ते ‘अतोले’ होतं, आणि मेक्सिकोत थंडीच्या सकाळी तेच पितात. तांदूळ, दालचिनी, दूध, साखर एकत्र मंद आचेवर शिजवून घोटतात. आपली पातळ खीरच, फक्त वेलचीऐवजी दालचिनी.

गाळल्यावर उरलेल्या चोथ्याचं काय करू?

फेकू नका. त्यात तांदळाचा बराच भाग आणि बदामाचा कीस असतो. आमच्याकडे त्याच दिवशी घावन होतात. चोथा, दोन-तीन चमचे तांदळाची पिठी, मीठ, पाणी. दालचिनीचा मंद वास असतो, म्हणून नारळाच्या गोड रसाबरोबर छान लागतात. नाहीतर दूध-साखरेत शिजवून खीर करा. ओला चोथा फ्रीजमध्ये एका दिवसाच्या वर ठेवू नका.

अमेरिकेत पावडर आणि तयार बाटल्या मिळतात. त्या कशा असतात?

गोड असतात. प्रवासात ठीक. तिकडे राहणाऱ्यांनी त्यापेक्षा मेक्सिकन किराणा दुकानातून कानेलाची जुडी आणावी. आपल्या भारतीय दुकानातल्या दालचिनीपेक्षा ती या कामाला जास्त योग्य असते.

तुमच्या त्या आजी करायच्या ते वाहाकाचं ओर्चाता वेगळं असतं का?

फार वेगळं, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर. वाहाकाच्या बाजारात पांढऱ्या ओर्चातावर ‘तूना’चा लालभडक गर घालतात, मग खरबुजाच्या बारीक फोडी आणि पेकनचे तुकडे. पेकन म्हणजे अक्रोडाचा नातलग. चमचा घालूनच देतात. तूना म्हणजे फड्या निवडुंगाचं बोंड. तो निवडुंग अमेरिकेतूनच आपल्याकडे आला आणि दख्खनच्या माळावर, कुंपणावर पसरला. गावाकडे लहानपणी ती लाल बोंडं काट्यांतून काढून खाल्लेली माणसं अजून आहेत, माझे वडील त्यांतले. बोंडाची लव बोटांत शिरते, म्हणून चिमट्यात धरून, घासून, सोलून घ्यावं लागतं. गर गाळून बिया काढल्या की दोन चमचे एका पेल्याला पुरतात. पांढऱ्यात तो लाल रंग हळूहळू खाली उतरताना बघत मुलं पेला हातात धरून नुसती उभी राहायची.

बोंडं मिळाली नाहीत तर डाळिंबाचा दाट रस. कोकम आगळ नको, आंबट होतं.

कशाबरोबर द्यावं?

तिखटाबरोबर. टाको असो की ठेचा-थालीपीठ, जिभेवरची आग हे पेय हळुवार उतरवतं. मिसळीबरोबर मात्र मी ताकच देईन.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला ओर्चाता ठेवलं तर चालेल का? चाळीस जणींना किती करू?

मी दोन वर्षं पन्ह्याच्या जोडीला ठेवते आहे, आणि असं करण्यात मला काही परकं वाटत नाही. वाहाकात ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या काळात, चौथ्या शुक्रवारी, ‘समारिताना’चा दिवस असतो. विहिरीवर येशूला पाणी पाजणाऱ्या बाईची ती आठवण. त्या दिवशी देवळांपुढे, शाळांपुढे, घरांच्या दारात फुलापानांनी सजवलेल्या बरण्या मांडतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओर्चाता आणि इतर सरबतं फुकट देतात. मार्च महिना, ऊन तापायला लागलेलं, रस्त्यावर पेला पुढे करणाऱ्या बायका. आजी हे सांगायच्या तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपली पाणपोई आणि चैत्रगौरीपुढची पन्ह्याची घागर उभी राहायची. तो दिवस त्यांनी ह्यूस्टनमध्येही सोडला नाही. घरापुढच्या पायवाटेवर टेबल टाकून बसायच्या, आणि टपाल घेऊन येणारा माणूस त्यांचा पहिला पाहुणा असायचा.

चाळीस लहान पेल्यांना पाच लिटर लागतं. तांदूळ ८०० ग्रॅम, बदाम ५० ते ६०, दालचिनीचे चार तुकडे, साखर ४०० ग्रॅम. एवढं मिक्सरमध्ये वाटायला तास-सव्वातास जातो, म्हणून आदल्या दिवशी सकाळी भिजवा, संध्याकाळी वाटून-गाळून साखर घालून फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजमध्ये एवढं पातेलं मावत नसेल तर दीड लिटर पाणी बाजूला ठेवा आणि दाट ओर्चाता तीन बरण्यांत भरा. कार्यक्रमाच्या वेळी एकेक बरणी बाहेर काढून, त्यात गार पाण्याचा तिसरा हिस्सा घालत जा. आणि घागरीपाशी डाव घेऊन एकीला बसवा. प्रत्येक पेला भरताना तिने तळापासून ढवळायचं, नाहीतर पहिल्या दहा जणींना पाणी मिळेल आणि शेवटच्या दहा जणींना पीठ.